घाटावरचा सामना

एप्रिल १९७३. तुम्ही कर्जतच्या फलाटावर उभे आहात. जिल्ह्याचं नाव अजून कुलाबा आहे. रायगड व्हायला १९८१ उजाडेल. पुण्याची गाडी थांबलीय आणि मागून बँकर इंजिनं लागतायत. पळसदरी सोडली की ३७ फुटांमागे एक फूट चढ, मागून रेटा दिल्याशिवाय गाडी खंडाळा गाठत नाही. तेवढ्या वेळात अख्ख्या गाडीचा बटाटेवडा खाऊन होतो.

तुम्ही तिसऱ्या वर्गाच्या डब्यात चढा. बाकाखाली होल्डॉल, त्यावर कापडी पिशवीत बॅटी, पॅडांचे पट्टे बाहेर लोंबतायत. सोबत सात-आठ मुली.

"ताई, कुठे निघालात?"

"पुण्याला. मॅचेस आहेत."

"कुणाच्या?"

"आमच्याच, दादा!"

डबा हसतो, तुम्हीही हसता. पण त्या खरंच सांगतायत. पुण्यात महिलांची पहिली राष्ट्रीय क्रिकेट स्पर्धा आहे. संघ तीनच: मुंबई, महाराष्ट्र, उत्तर प्रदेश. मुंबईच्या मुलींना पुणं गाठायचं तर कर्जतहून रेल्वेने नाहीतर खोपोलीवरून मोटारीने, बोरघाट चढावाच लागतो. म्हणजे पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेला निघालेल्या मुंबईच्या संघाची वाट आपल्या कर्जत आणि खालापूर तालुक्यांतून गेली. याचा अभिमान आपण आजवर मिरवला नाही, हे मला खटकतं.

याच काळात मुंबईत बधवार पार्कच्या रेल्वे वसाहतीत डायना एडल्जी नावाची सतरा वर्षांची मुलगी आहे. डावखुरी फिरकी टाकते, मुलांमध्ये खेळून तयार झालेली. तिच्यासाठी तुम्ही थोडं पुढे सरका.

३१ ऑक्टोबर १९७६, बंगळूर. समोर वेस्ट इंडीज. भारतीय महिलांचा पहिला कसोटी सामना, आणि डायना संघात आहे. लगेच १ जानेवारी १९७८ला कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर या. विश्वचषक भारतात आहे, समोर इंग्लंड, आणि कर्णधार तीच, अजून बावीसचीही नाही. भारत स्पर्धेतले तिन्ही सामने हरतो. हरू दे. एकदिवसीय सामन्यांत भारताच्या महिला उतरल्या त्या इथेच पहिल्यांदा.

आता परत गाडीत बसा, कारण खरी लढाई इथे आहे. महिला क्रिकेट संघटनेकडे पैसा नाही. आरक्षण मिळालं तर मिळालं, नाहीतर खेळाडू दाराशी ट्रंकेवर बसून प्रवास करतात. राहायला मोठ्या हॉलमध्ये जमिनीवर अंथरूण. पुढे एका सरावात डायनाचे समोरचे चार दात जातात, तरी ती खेळत राहते. कारकिर्दीत २० कसोटींत ६३ बळी. १९८६मध्ये भारतीय संघ इंग्लंडला जातो, तेव्हा लॉर्ड्सच्या पॅव्हेलियनमध्ये तिला शिरू देत नाहीत, बाई म्हणून!

पण मला तिचं सगळ्यांत मोठं काम मैदानाबाहेरचं वाटतं. पश्चिम रेल्वेत नोकरी करत असताना महिलांचा रेल्वे संघ उभा राहावा म्हणून ती मागे लागली. मुलीच्या हातात पगार आला की घरच्यांचा 'लग्न कधी?' थोडा लांबतो आणि ती आणखी चार मोसम खेळते. कर्जतला बँकर गाडीला जो रेटा देतात, तो रेल्वेच्या नोकरीने या मुलींना दिला. पुढे देशांतर्गत स्पर्धा रेल्वेने वर्षानुवर्षं जिंकल्या त्या यामुळेच.

आता २ नोव्हेंबर २०२५ची रात्र. तुम्ही खालापूरला द्रुतगती मार्गालगतच्या ढाब्यावर थांबलात. चहा निवलाय, सगळे मोबाइलभोवती. इथून तासाभरावर नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर विश्वचषकाची अंतिम लढत चालू आहे. शफाली वर्माच्या ८७ धावा झाल्यात, दीप्ती शर्माने पाच बळी घेतलेत, आणि शेवटचा झेल कर्णधार हरमनप्रीत कौर मागे धावत टिपते. दक्षिण आफ्रिका ५२ धावांनी हरते. ट्रकवाले हॉर्न वाजवतात, कुणीतरी सांगलीच्या स्मृती मानधनाच्या नावाने ओरडतं.

तुम्ही शेजारच्याला एवढं सांगा: २०१४मध्ये हरमनप्रीतला पश्चिम रेल्वेत नोकरी लागली, आणि त्यासाठी शब्द टाकणाऱ्यांत डायना एडल्जी होत्या.