संगणक पेटी, आटोपशीर : वायुशीतनाचा इतिहास

संगणकाचे विद्युत् घटक ज्या बंदिस्त सांगाड्यात बसविलेले असतात, त्यास संगणक पेटी म्हणतात. घटकांना आधार देणे आणि धूळ व धक्के यांपासून त्यांचे रक्षण करणे ही तिची उघड दिसणारी कामे होत. तथापि आत निर्माण होणारी उष्णता बाहेर घालविणे हे तिचे सर्वांत अवघड काम आहे. संगणक यांत्रिक कार्य जवळजवळ करीतच नसल्यामुळे त्याने घेतलेल्या बहुतेक सर्व विजेचे अखेर उष्णतेत रूपांतर होते. म्हणजे ४०० वॉट वीज घेणारा संगणक ही उष्णतेच्या दृष्टीने ४०० वॉटची शेगडीच असते. ही शेगडी सु. २० लिटरपेक्षा कमी घनफळाच्या पेटीत, फारसा आवाज न होता, केवळ हवेच्या साहाय्याने थंड राखणे हा आटोपशीर पेटीच्या रचनेतील मूळ प्रश्न होय.

एक घनमीटर हवेचे तापमान १° से. ने वाढण्यास सु. १·२ किलोजूल उष्णता लागते. यावरून ४०० वॉट उष्णता वाहून नेताना हवा १०° से. पेक्षा अधिक तापू द्यावयाची नसेल, तर दर सेकंदास सु. ३३ लिटर हवा पेटीतून वाहिली पाहिजे, असा हिशेब निघतो. बारा लिटरच्या पेटीतील सर्व हवा अशा वेळी सेकंदाला जवळजवळ तीनदा बदलते. हा आकडा प्रथमदर्शनी छाती दडपविणारा वाटतो. परंतु १२० मिमी. व्यासाचे दोन साधे पंखे मोकळ्यावर एवढी हवा सहज ढकलू शकतात. अडचण हवेच्या परिमाणाची नसून तिच्या वाटेची आहे. बारीक जाळी, गाळणी, तारांचे जुडगे आणि झरोक्याला चिकटलेली काच यांमुळे पंख्याचा प्रवाह निम्म्यावरही येऊ शकतो. मग तो भरून काढण्यासाठी पंख्याचा वेग वाढवावा लागतो. वेग दुप्पट केला, तर हवा दुप्पट मिळते; पण पंख्याला लागणारी शक्ती आठपट होते व आवाजाची पातळी सु. १५ डेसिबलने चढते. लहान पेट्यांच्या इतिहासातील बहुतेक यशापयशांचे मूळ या साध्या गणितात सापडते.

प्रारंभीचा काळ : अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात तयार झालेल्या व १९४६ मध्ये जाहीर झालेल्या एनिॲक या संगणकात सु. १८,००० निर्वात नलिका होत्या आणि तो सु. १५० किलोवॉट वीज घेई. मोठ्या पंख्यांनी हवेचे झोत सोडून त्याच्या कपाटांतील उष्णता काढून टाकावी लागे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये कार्यान्वित झालेल्या व पुढे टिफ्रॅक हे नाव मिळालेल्या संगणकात सु. २,७०० निर्वात नलिका होत्या. त्याचा पोलादी सांगाडा १८ फूट लांब, ८ फूट उंच व अडीच फूट रुंद होता. या काळात आजच्या अर्थाची पेटी नव्हतीच. यंत्राची खोली हीच त्याची पेटी असे. ट्रँझिस्टर व संकलित मंडले आल्यानंतर प्रत्येक घटकाची उष्णता घटली, पण घटकांची दाटी वाढली. क्रे-१ (१९७६) या महासंगणकास फ्रिऑन या शीतकाचा आधार घ्यावा लागला. हवेवर भिस्त ठेवण्याचा मार्ग मुख्यतः घरगुती व कार्यालयीन संगणकांनी चालविला.

पंख्याविना पेटी : ॲपल-२ (१९७७) या संगणकात पंखा नव्हता. रॉड होल्ट यांनी त्यासाठी आखलेला वीजपुरवठा संच तत्कालीन संचांच्या मानाने फार कमी तापत असे, म्हणून ते जमले. येथे उष्णता मुळातच कमी निर्माण केली होती, ही गोष्ट पुढे विसरली गेली. मे १९८० मध्ये जाहीर झालेल्या ॲपल-३ मध्येही पंखा नसावा असा कंपनीचे एक संस्थापक स्टीव्ह जॉब्झ यांचा आग्रह होता. ओतीव ॲल्युमिनियमचा तळभाग उष्णता शोषून बाहेर टाकील, अशी योजना होती. प्रत्यक्षात अनेक यंत्रे बंद पडू लागली. संकलित मंडले आपल्या खोबणींतून सैल होत. यंत्र टेबलापासून काही इंच उचलून खाली सोडावे, म्हणजे ती पुन्हा घट्ट बसतील, असा सल्लाही ग्राहकांना देण्यात आला. पहिली सु. १४,००० यंत्रे कंपनीस बदलून द्यावी लागली.

या अपयशाचे खापर सामान्यतः पंख्याच्या अभावावर फोडले जाते. पेटीचे अभिकल्पक जेरी मॅनॉक यांनी मात्र ते मान्य केले नाही. त्यांच्या मते दोष मंडलफलकाच्या अतिदाट आखणीत होता. वस्तुतः या दोन कारणांत फारसा विरोध नाही. पेटीचे आकारमान आधी ठरले व मंडलफलक त्यात नंतर कोंबावा लागला. दाटी आणि कोंदलेली हवा ही त्याच निर्णयाची दोन फळे होत. मॅकिन्टॉश (१९८४) हाही पंख्याविनाच आला. १९८७ च्या मॅकिन्टॉश एसई या प्रतिमानात मात्र पंखा बसविणे भाग पडले. पॉवर मॅक जी-४ क्यूब (२०००) या सु. ८ इंची घनाकृती संगणकात तळातून आलेली हवा मधल्या उभ्या पोकळीतून तापून आपोआप वर निघून जाई. हवेची वाट म्हणून ही रचना निर्दोष होती. तापलेल्या हवेच्या चढण्याचा जोर मात्र फारच क्षीण असल्याने वाढत्या शक्तीच्या घटकांना तेथे वाव उरला नाही. महाग किंमत व पारदर्शक कवचावर दिसणाऱ्या रेषा यांचीही भर पडली आणि जुलै २००१ मध्ये उत्पादन थांबविण्यात आले.

प्रमाणित पेटी : ऑगस्ट १९८१ मधील आयबीएम पीसीचा वीजपुरवठा संच ६३·५ वॉटचा होता व त्यातील पंखाच सर्व यंत्राची हवा ओढून बाहेर टाकी. सूक्ष्मप्रक्रियक उघडाच असे. १९९३ च्या पेंटियमने सु. १५ वॉटची मजल गाठली, तेव्हा धातूच्या पातळ पात्यांचा उष्णताशोषक व त्यावर छोटा पंखा ही नित्याची बाब झाली. इंटेल कंपनीने १९९५ मध्ये मांडलेल्या एटीएक्स या प्रमाणात आरंभी वीजपुरवठा संचाच्या पंख्याने बाहेरची हवा आत घेऊन प्रक्रियकावर सोडावी, अशी कल्पना होती. संचातून येणारी ही हवा आधीच तापलेली असल्याने उत्पादकांनी दिशा उलटी केली.

पेंटियम-४ (२०००) पासून प्रक्रियक मर्यादेबाहेर तापल्यास आपला कामाचा वेग स्वतःच कमी करू लागला. ही सोय यंत्र वाचविणारी असली, तरी तिने ग्राहकापुरता प्रश्न बदलून टाकला. वाईट पेटीतील यंत्र आता बंद पडत नाही. ते मुकाट्याने मंदावते. ज्या वेगासाठी पैसे मोजले तो मिळत नाही, हे मालकाच्या ध्यानीही येत नाही. २००४ पर्यंत याच मालिकेतील प्रक्रियक १०० वॉटच्या वर गेले. त्यावर उपाय म्हणून इंटेलने बीटीएक्स ही नवी रचना पुढे आणली होती. तीत पुढच्या बाजूच्या एकाच मोठ्या पंख्याची हवा प्रक्रियकावरून सरळ मागे जाई. रचना शास्त्रशुद्ध होती. पण २००६ मध्ये ६५ वॉटचे कोअर-२ ड्यूओ प्रक्रियक आले, निकड संपली व बीटीएक्स मागे पडले.

लहान पेट्यांचा विकास : व्हीआयए कंपनीने २००१ मध्ये १७० × १७० मिमी. मापाचा मिनी-आयटीएक्स मंडलफलक मांडला. त्याच सुमारास शटल कंपनीच्या घनाकृती पेट्या बाजारात आल्या. त्यांत प्रक्रियकाची उष्णता उष्णता-नलिकांनी थेट मागच्या भिंतीवरील पंख्यापाशी नेण्याची युक्ती पुढे वापरली गेली. उष्णता-नलिका ही द्रवाच्या बाष्पीभवनाने व संघननाने उष्णता वाहून नेणारी बंद नळी असते. जॉर्ज ग्रोव्हर यांनी १९६३ मध्ये लॉस ॲलॅमॉस येथे तिचा विकास केला. आज प्रक्रियकावरील बहुतेक वायुशीतकांत ती असते.

पुढील टप्पा मोठ्या कारखान्यांपेक्षा हौशी अभिकल्पकांनी गाजविला. लोकवर्गणीतून तयार झालेली एनकेस एम-१ ही पेटी १२·६ लिटरची होती. डॅन ए-४ (२०१६) ही अवघी ७·२ लिटरची. तीत मंडलफलक व ग्राफिक्स कार्ड पाठीला पाठ लावून बसविलेले असून दोहोंचे पंखे बाजूच्या जाळीतून थेट बाहेरची हवा घेतात. पेटीला स्वतःचा पंखा जवळजवळ नाहीच. एवढ्या लहान जागेत ही रचना यशस्वी झाली, कारण प्रत्येक उष्ण घटकाला स्वतःची स्वच्छ वाट मिळाली. कूलर मास्टर एनआर-२०० (२०२०) या सु. १८ लिटरच्या पेटीने उलट मार्ग धरला : भोके पाडलेल्या बाजू, तळाशी व माथ्यावर मोठे पंखे आणि प्रक्रियकावर उंच वायुशीतकाला जागा. सामान्य ग्राहकास ही दुसरी रीत अधिक सोयीची आहे. बांधणीतील लहानसहान चुका ती पोटात घालते.

ॲपलच्या २०१३ मधील दंडगोलाकृती मॅक प्रोचे उदाहरण येथे मुद्दाम नोंदविण्यासारखे आहे. सु. १६७ मिमी. व्यासाच्या त्या यंत्रात तीन घटक एका त्रिकोणी उष्णताशोषकाभोवती बसविले होते व माथ्यावरील एकच मोठा पंखा अत्यंत शांतपणे सर्व हवा खेचून घेई. परंतु ही रचना तिन्ही बाजूंची उष्णता साधारण सारखी राहील, या गृहीतावर उभी होती. पुढे काळ एकाच प्रबळ ग्राफिक्स कार्डाचा आला. ते तेथे बसेना, व कंपनीने एप्रिल २०१७ मध्ये ही अडचण उघडपणे मान्य केली.

निवडीचे निकष : यामुळे पेटी निवडताना तिच्या घनफळापेक्षा पुढील बाबींना महत्त्व येते. ग्राफिक्स कार्डाच्या पंख्यांसमोर जाळी आहे की काच, व मध्ये किती अंतर उरते, हे प्रथम पाहावे लागते. कारण आज सर्वाधिक उष्णता तेथेच निर्माण होते. प्रक्रियकावरील शीतकासाठी मिळणारी उंची हा दुसरा निकष. पंख्यांची संख्या फसवी असते. मोकळ्या वाटेवरचा सावकाश फिरणारा एक मोठा पंखा कोंदट जागेतील तीन लहान पंख्यांहून सरस ठरतो. आत येणारी हवा बाहेर जाणारीपेक्षा थोडी अधिक राखली, तर फटींतून धूळ शिरत नाही. मात्र गाळण्या वरचेवर स्वच्छ कराव्या लागतात.

खोलीचे तापमान हा घटक परीक्षणांत बहुधा गौण मानला जातो. यूरोप-अमेरिकेतील चाचण्या बहुशः २० ते २५° से. तापमानाच्या खोलीत घेतलेल्या असतात. विदर्भात मे महिन्यात बाहेर ४५° से. तापमान असता वातानुकूलन नसलेली खोली ४०° से. पर्यंत सहज जाते. पंख्यांचा वेग तोच राहिला, तर घटकांचे तापमानही जवळजवळ तेवढ्याच अंशांनी, म्हणजे सु. १५° से. ने वाढते. चाचणीत ७५° से. दाखविणारा प्रक्रियक अशा ठिकाणी ९०° से. वर जातो. पेटीची निवड येथे चवीचा विषय राहत नाही.

अलीकडील ग्राफिक्स कार्डांनी जुनी गणिते पुन्हा विस्कटली आहेत. जानेवारी २०२५ मध्ये विक्रीस आलेले एनव्हिडियाचे आरटीएक्स ५०९० हे कार्ड ५७५ वॉटपर्यंत वीज घेते, तरी कंपनीच्या स्वतःच्या रचनेत ते केवळ दोन खाचांच्या जाडीचे आहे. त्याचे दोन्ही पंखे हवा कार्डाच्या आरपार पाठीकडे सोडतात. पाठीला पाठ लावलेल्या पेटीत नेमकी तेथेच मधली भिंत येते. उलट जुन्या, उभ्या मांडणीच्या पेटीत तीच हवा माथ्यावरील पंख्याकडे सरळ निघून जाते.