पाठीमागचे पाहायचे कोणी?

मनमाड जंक्शनमधून गाडी सुटली की तिच्या शेवटच्या डब्याकडे एकदा लक्षपूर्वक पाहावे. डब्याच्या पाठीवर एक मोठी फुली रंगवलेली असते, ‘एल. व्ही.’ अशी अक्षरे असलेली पाटी अडकवलेली असते आणि रात्री तांबडा दिवा लुकलुकत असतो. ‘एल. व्ही.’ म्हणजे ‘लास्ट व्हेईकल’, अर्थात अखेरचे वाहन. पुढच्या स्थानकावरील कर्मचाऱ्याला ही खूण दिसली, की गाडी अखंड आली, मध्येच काही डबे सुटून मागे राहिले नाहीत, याची खात्री पटते. पारंपरिक ‘ब्लॉक’ पद्धतीत ही खात्री झाल्याशिवाय त्या टप्प्यात मागून दुसरी गाडी सोडली जात नाही. आता अनेक मार्गांवर डब्यांची चाके मोजणारी यंत्रे हे काम करतात. तत्त्व मात्र तेच आहे. मागून कोणी येत आहे का, हे पुढच्या गाडीच्या चालकाला वळून पाहावे लागत नाही.

स्थानकाबाहेर पडून पुणे-इंदूर महामार्गावर आले, की चित्र अगदी उलटे दिसते. पानेवाडीच्या तेल डेपोंतून निघालेले टँकर, मालमोटारी आणि एस.टी. गाड्या यांच्या वाटेतच शाळेला निघालेल्या मुलामुलींच्या सायकली असतात. याच मार्गावरील जुन्या रेल्वे उड्डाणपुलाचा काही भाग नोव्हेंबर २०२३ मध्ये कोसळला, तेव्हा या गावातून किती अवजड वाहतूक जाते ते साऱ्यांना नव्याने जाणवले. या रस्त्यावर सायकलस्वाराच्या पाठीचे रक्षण कोण करतो? याचे उत्तर गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत अनेकदा बदलले आहे. त्या बदलांचा इतिहास म्हणजे प्रकाश, ध्वनी आणि गती या धड्यांची एक चांगली उजळणीच आहे.

झापडे आणि घंटा

माणसाचे डोळे समोर असतात. मान न वळवता आपल्याला सुमारे १८० अंशांच्या पट्ट्यातले दिसते. बैलाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ ३३० अंशांतले दिसते. घोड्याचेही तसेच. म्हणून तर टांग्याच्या घोड्याला झापडे बांधत. मागचे दिसून तो बुजू नये, हा हेतू. म्हणजे माणसाने आधी मागचे पाहू शकणाऱ्या प्राण्याचे डोळे झाकले, आणि नंतर स्वतःसाठी मागचे दाखवणारी साधने शोधली!

सायकलीच्या बाल्यावस्थेत प्रश्नच वेगळा होता. १८८५ मध्ये जॉन केम्प स्टार्ले यांची ‘रोव्हर’ सायकल आली, १८८८ मध्ये डनलॉप यांनी हवा भरलेली धाव बनवली, आणि सायकल रस्त्यावरील वेगवान वाहनांपैकी एक झाली. त्या काळी सायकलस्वाराला मागून येणाऱ्याची भीती नव्हती. पुढे चालणाऱ्यांना त्याची भीती होती. म्हणून ब्रिटनमध्ये १८८८ च्या एका कायद्याने सायकलस्वारावर बंधन घातले, की कोणालाही ओलांडण्यापूर्वी घंटा किंवा शिटी वाजवून सूचना द्यावी. त्याआधी, १८६५ च्या कायद्याने रस्त्यावरच्या वाफेच्या इंजिनांपुढे तर लाल निशाण घेतलेला माणूस चालवला होता. दोन्ही नियमांतील विचार एकच होता: जो वेगवान आणि धोकादायक, त्याने आपली चाहूल द्यायची.

रेल्वेने हा विचार शेवटपर्यंत नेला, पण त्यासाठी मोठी किंमत मोजून. पूर्वी एक गाडी गेल्यावर ठरावीक मिनिटांनी दुसरी सोडण्याची पद्धत होती. १२ जून १८८९ रोजी आयर्लंडमध्ये आर्माघजवळ चढावर अडकलेल्या गाडीचे मागचे डबे सुटे करण्यात आले. ते उतारावरून मागे घरंगळले आणि पाठोपाठ येणाऱ्या गाडीवर आदळले. सुमारे ८० जण दगावले. त्यांत मुले पुष्कळ होती. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने प्रवासी गाड्यांसाठी ब्लॉक पद्धत सक्तीची केली. दोन गाड्यांत वेळेचे नव्हे, तर जागेचे अंतर राखायचे, हे त्यामागचे सूत्र.

आरसा येतो

रस्त्यावर मात्र असे टप्पे पाडता येत नव्हते. मोटारी वाढल्या आणि मागे पाहण्याचे काम पुढच्याकडे आले. १९०९ मध्ये डॉरोथी लेव्हिट या इंग्रज मोटारचालक स्त्रीने आपल्या पुस्तकात स्त्रियांना सल्ला दिला, की हातातला छोटा आरसा जवळ ठेवावा आणि मधूनमधून तो उंच धरून मागचा रस्ता पाहावा. ३० मे १९११ रोजी अमेरिकेत इंडियानापोलिस येथे झालेल्या ५०० मैलांच्या शर्यतीत इतर मोटारींत मागे लक्ष ठेवायला एक मदतनीस बसला होता. रे हॅरून हा चालक मात्र एकटाच होता. स्पर्धकांनी हरकत घेतल्यावर त्याने मोटारीवर आरसा बसवला, आणि शर्यत जिंकली. पुढे त्याने कबूल केले, की विटांच्या त्या धावपट्टीवर आरसा इतका थरथरत होता, की त्यात काहीच धड दिसत नव्हते.

ही थरथर सायकलच्या आरशालाही सोडत नाही, आणि तिचे कारण नववी-दहावीच्या विद्यार्थ्याला सहज समजते. आरसा एका अंशातून फिरला तर परावर्तित किरण दोन अंशांतून फिरतो. खडबडीत रस्त्यावर हँडलवरचा आरसा एकच अंश हलला, तरी ३० मीटर मागच्या वस्तूची जागा आपल्याला एक मीटरहून अधिक सरकलेली वाटते. अशी हालचाल सेकंदात अनेक वेळा झाली की मालमोटारीच्या जागी एक अस्पष्ट डाग उरतो. हँडलऐवजी शिरस्त्राणाला किंवा चष्म्याच्या काडीला इवलासा आरसा बसवण्याची कल्पना यातूनच पुढे आली. मान आणि पाठ हे आपले नैसर्गिक ‘शॉक-अॅब्सॉर्बर’ असल्याने डोक्यावरचा आरसा कमी थरथरतो. शिवाय तो डोळ्याजवळ असल्याने लहान असूनही पुष्कळ दाखवतो.

सपाट की बहिर्वक्र?

आता दुसरा प्रश्न. हँडलवर ८ सेंटिमीटर व्यासाचा सपाट आरसा असून तो डोळ्यापासून ६० सेंटिमीटरवर आहे, असे समजू. त्यात जेमतेम साडेसात अंशांचा पट्टा दिसतो. त्याच आकाराचा, पण ६० सेंटिमीटर नाभीय अंतराचा बहिर्वक्र आरसा लावला तर पंधरा अंश, म्हणजे दुप्पट पट्टा दिसतो. मग बहिर्वक्र आरसाच उत्तम, असे वाटेल. पण निसर्ग फुकट काही देत नाही.

तीन मीटर उंचीची मालमोटार ३० मीटर मागे आहे. आरशाच्या सूत्रानुसार तिची प्रतिमा बहिर्वक्र आरशामागे सुमारे ५९ सेंटिमीटरवर आणि ५.९ सेंटिमीटर उंचीची पडते. डोळ्यापासून या प्रतिमेचे अंतर ११९ सेंटिमीटर. उंचीला अंतराने भागले की सुमारे ०.०५ रेडियन हा दृश्यकोन मिळतो. सपाट आरशात हाच कोन ०.०९८ रेडियन, म्हणजे जवळजवळ दुप्पट असतो. वस्तूचा आकार ओळखीचा असल्याने आपला मेंदू कोनावरून अंतराचा अंदाज बांधतो. त्यामुळे ३० मीटरवरची मालमोटार त्याला ६० मीटरवर वाटते.

या फरकाचे मोल सेकंदांत मोजावे. सायकलचा वेग ताशी १५ किलोमीटर, मालमोटारीचा ६०. सापेक्ष वेग ताशी ४५ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १२.५ मीटर. ३० मीटरचे अंतर २.४ सेकंदांत संपते. सायकलस्वार मात्र समजतो, की आपल्याजवळ ४.८ सेकंद आहेत. उजवीकडे वळून रस्ता ओलांडायला तीन-चार सेकंद लागतात. तेव्हा बहिर्वक्र आरसा ‘मागे काही आहे का’ हे सांगतो. ‘किती दूर आहे’ हे सांगण्याचे काम त्याचे नव्हे. वळण्यापूर्वी एकदा मान वळवून पाहावेच लागते.

मान वळवण्याचेही तंत्र आहे. उजवीकडे वळून पाहताना उजवा खांदा मागे जातो, त्याबरोबर हँडलही उजवीकडे वळते आणि सायकल नेमकी वाहनांच्या वाटेत सरकते. एका सेकंदाच्या या दृष्टिक्षेपात सायकल चार मीटर पुढे गेलेली असते. सरळ रेषेत सायकल ठेवून मागे पाहण्याचा सराव शाळेच्या मैदानावर चुन्याची रेघ ओढून सहज करून घेता येतो.

कानाने पाहणे

आपल्याकडच्या बहुतेक सायकलस्वारांनी आरशाऐवजी कानांवर भरवसा ठेवला. आवाज कोणत्या बाजूने आला हे मेंदू दोन कानांतील वेळेच्या फरकावरून ओळखतो. डोक्याची रुंदी सुमारे २० सेंटिमीटर आणि ध्वनीचा वेग सेकंदाला ३४० मीटर धरला, तर हा फरक जास्तीत जास्त ०.६ मिलिसेकंद येतो. परंतु नेमका समोरून किंवा नेमका मागून येणारा आवाज दोन्ही कानांत एकाच वेळी पोचतो. तेव्हा पुढे-मागे हा भेद करायला कानाच्या पाळीचा आकार आणि डोक्याची हालचाल यांचा आधार घ्यावा लागतो. विद्यार्थ्याचे डोळे बांधून, त्याला डोके स्थिर ठेवायला सांगून कधी समोर, कधी मागे दोन नाणी वाजवून पाहावीत. त्याचे किती अंदाज चुकतात ते फळ्यावर मांडावे. वाऱ्याचा घोंघाट, बॅटरीवर चालणाऱ्या रिक्षांचे मंद आवाज आणि कानात खोचलेली फोनची बोंडे यांनी हे साधन आणखी दुबळे झाले आहे.

गंमत म्हणजे मालमोटारींनीही मागचे जाणून घेण्यासाठी कानाचाच आधार घेतला होता. ‘हॉर्न ओके प्लीज’ या अक्षरांचा अर्थ, ‘मागून येणाऱ्याने आपली चाहूल द्यावी’, एवढाच. म्हणजे १८८८ च्या घंटेचा नियमच तो! महाराष्ट्रात २०१५ मध्ये ही अक्षरे लिहिण्यास मनाई करण्यात आली, कारण त्यामुळे विनाकारण भोंगे वाजवण्याला उत्तेजन मिळत होते.

दिसणे आणि दाखवणे

मागचे पाहता येत नसेल, तर निदान मागच्याला आपण दिसावे, हा दुसरा मार्ग. तोही वादाशिवाय रुळला नाही. ब्रिटनमध्ये मोटारी वाढू लागल्यावर सायकलला मागे लाल दिवा हवा, अशी मागणी होऊ लागली. १८७८ मध्ये स्थापन झालेल्या तेथील सायकलस्वारांच्या संघटनेने या सक्तीला अनेक वर्षे विरोध केला. मागून येणाऱ्याने समोरचे पाहून, थांबता येईल अशा वेगाने वाहन हाकावे. तो भार पुढच्यावर का टाकता, असा त्यांचा सवाल होता. १९३९ मध्ये युद्धामुळे रस्त्यांवरचे दिवे मालवले गेले, तेव्हा मागचा दिवा सक्तीचा झाला.

सवाल चूक नव्हता. पण अंधारात तत्त्वापेक्षा दिवा जास्त उपयोगी पडतो. त्यातही चाकावर घासणाऱ्या डायनामोचा दिवा सायकल थांबली की विझतो, म्हणजे सर्वांत जास्त गरज असते त्या क्षणी. मडगार्डवरील लाल परावर्तक मात्र थांबल्यावरही काम करतो. त्याच्या आतल्या बाजूस परस्परांशी काटकोनात असलेल्या तीन-तीन पृष्ठभागांचे असंख्य कोपरे असतात. अशा कोपऱ्यात शिरलेला किरण तीनदा परावर्तित होऊन आला त्याच दिशेने परत जातो. १९६९ मध्ये अपोलो-११ च्या अंतराळवीरांनी चंद्रावर ठेवलेला परावर्तक याच तत्त्वावर चालतो. अंधाऱ्या खोलीत विजेरी डोळ्याशेजारी धरून सायकलचा परावर्तक पाहावा. मग विजेरी दुसऱ्याच्या हाती देऊन बाजूला उभे राहून पाहावा. फरक लगेच कळतो. आपल्याकडे सायकलींवरील परावर्तकांच्या दर्जाविषयी केंद्र सरकारने २०२० मध्ये आदेश काढला. परंतु धुळीने माखलेला परावर्तक कोणत्याही आदेशाने चमकत नाही. तो पुसावा लागतो.

२०१५ पासून सायकलच्या बैठकीखाली बसवायचे रडारही मिळू लागले. त्यातून २४ गिगाहर्ट्झच्या लहरी मागे सोडल्या जातात. आपल्या उदाहरणातील मालमोटार सेकंदाला १२.५ मीटरने जवळ येत असेल, तर परत येणाऱ्या लहरीची वारंवारता २,००० हर्ट्झने वाढलेली असते. हा डॉप्लर परिणाम. १८४२ मध्ये डॉप्लर यांनी तो मांडला आणि १८४५ मध्ये नेदरलँड्समध्ये धावत्या आगगाडीवर कर्णे वाजवणारे बसवून बाइज बॅलट यांनी तो ध्वनीच्या बाबतीत पडताळून पाहिला. आरसा जे सांगू शकत नाही ते, म्हणजे जवळ येण्याचा वेग, रडार बिनचूक सांगते. पण त्याची किंमत शाळकरी सायकलीच्या कितीतरी पट आहे.

हिशेब कोणाचा?

भारतात २०२२ या एका वर्षात रस्त्यांवरील अपघातांत चार हजारांहून अधिक सायकलस्वार मृत्युमुखी पडले. मोटारीला मागचे दाखवणारा आरसा १९८९ च्या केंद्रीय नियमांनी बंधनकारक केला. सायकल मोटारवाहन नसल्याने त्या नियमात येत नाही. सायकलस्वाराने आरसा लावावा, परावर्तक स्वच्छ ठेवावा, मान वळवायला शिकावे, हे योग्यच आहे. आणि ते स्वस्तही आहे. पण ही सारी साधने त्याला दोन-तीन सेकंदांची पूर्वसूचना देतात, एवढेच. त्या सेकंदांत बाजूला व्हायला जागा नसेल, डावीकडे खड्डा किंवा उभी केलेली मालमोटार असेल, तर पूर्वसूचना घेऊन तो करणार काय?

रेल्वेने १८८९ मध्ये जे ओळखले ते हेच. पाठीमागचा धोका टाळण्याची खात्रीची रीत म्हणजे दोघांमध्ये जागा राखणे. सायकलींसाठी वेगळी, मोकळी कडेची पट्टी ही रस्त्यावरची ‘ब्लॉक’ पद्धतच होय. आपल्या शाळेच्या वाटेवर अशी पट्टी कोठे आहे, कोठे तुटते आणि कोठे अडवलेली आहे, याचा नकाशा विद्यार्थ्यांकडून मोजपट्टी घेऊन करून घ्यावा. भूमिती, भूगोल आणि नागरिकशास्त्र असे तीन विषय त्यात येतील. नकाशा तयार झाला की त्याची एक प्रत नगरपालिकेला अवश्य द्यावी.