विल्यम हेस्टी : एका वकिलाचा अपील न्यायालयापर्यंतचा प्रवास

१/
१९५० साली अमेरिकी सिनेटमधील काही सदस्यांना एक वकील न्यायाधीशपदासाठी फार जहाल वाटत होते. बारा वर्षांनी त्यांच्याच नावाची चर्चा सर्वोच्च न्यायालयासाठी निघाली, तेव्हा ते फार मवाळ असल्याचे सांगण्यात आले. या गृहस्थांचे नाव विल्यम हेन्री हेस्टी. अमेरिकेच्या फेडरल अपील न्यायालयात बसलेले ते पहिले कृष्णवर्णीय न्यायाधीश. हा थ्रेड त्यांच्या वाटचालीविषयी.

२/
आधी थोडी पार्श्वभूमी. आपल्याकडे राज्याचा कायदा असो वा केंद्राचा, दाद एकाच न्यायव्यवस्थेत मागितली जाते. अमेरिकेत दोन समांतर रचना आहेत : राज्यांची न्यायालये आणि केंद्राची, म्हणजे फेडरल न्यायालये. फेडरल रचनेच्या तीन पायऱ्या : तळाशी डिस्ट्रिक्ट कोर्ट, मध्ये अपील न्यायालय, शिखरावर सर्वोच्च न्यायालय.

३/
ही मधली पायरी १८९१ च्या कायद्याने उभी राहिली. सर्वोच्च न्यायालय मोजकीच प्रकरणे ऐकते. त्यामुळे बहुतेक फेडरल दाव्यांचा शेवटचा शब्द अपील न्यायालयाचाच असतो. तेथे जाण्यासाठी परीक्षा नाही, सेवाज्येष्ठतेची रांग नाही. राष्ट्राध्यक्षांनी नाव सुचवायचे, सिनेटने मान्यता द्यायची आणि मग पद आजीवन. म्हणूनच तेथवर कोण पोहोचतो, हा प्रश्न कायद्याइतकाच राजकारणाचाही असतो.

४/
हेस्टी यांचा जन्म १९०४ चा, टेनेसी राज्यातील नॉक्सव्हिलचा. पुढे कुटुंब वॉशिंग्टनला आले आणि मुलगा डनबार हायस्कूलमध्ये शिकू लागला. ही शाळा केवळ कृष्णवर्णीयांसाठी होती. पण तेथील शिक्षकवर्ग असामान्य होता. कारण कटू आहे : नामांकित विद्यापीठांच्या पदव्या घेतलेल्या कृष्णवर्णीय विद्वानांना इतरत्र फारशी दारे उघडी नव्हती.

५/
१९२५ साली हेस्टी अॅमहर्स्ट महाविद्यालयातून आपल्या वर्गात पहिले आले. दोन वर्षे न्यू जर्सीतील बॉर्डनटाउनच्या शाळेत त्यांनी अध्यापन केले. मग हार्वर्डमध्ये कायद्याचे शिक्षण : १९३० मध्ये पदवी, १९३३ मध्ये डॉक्टरेट. 'हार्वर्ड लॉ रिव्ह्यू' या नियतकालिकाच्या संपादक मंडळावर निवडले गेलेले ते दुसरे कृष्णवर्णीय विद्यार्थी.

६/
पहिले होते चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन, हेस्टी यांचे नात्यातले बंधू. वॉशिंग्टनमध्ये हेस्टी यांनी ह्यूस्टन पितापुत्रांच्या कचेरीतच वकिली सुरू केली आणि हॉवर्ड विद्यापीठात शिकवूही लागले. वंशभेदाचे कायदे न्यायालयातच, एकेक चिरा काढून, कोसळवायचे ही ह्यूस्टन यांची दृष्टी होती. त्या वर्गात थर्गुड मार्शल नावाचा एक तरुण बसत असे. हे नाव लक्षात ठेवा.

७/
१९३३. टॉमस हॉकट या तरुणाला नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात औषधनिर्माणशास्त्र शिकायचे होते. रंगामुळे प्रवेश नाकारला गेला. अठ्ठावीस वर्षांचे हेस्टी त्याच्यासाठी डरहॅमच्या न्यायालयात उभे राहिले. दावा हरला. हॉकट ज्या कृष्णवर्णीय महाविद्यालयात शिकला होता, त्याच्याच अध्यक्षांनी आवश्यक गुणपत्रक देण्यास नकार दिला होता. अर्जच अपुरा ठरला.

८/
या पराभवाचा धडा मोलाचा होता. अन्याय उघड असूनही कागद अपुरा असेल तर न्यायालय प्रश्नाला हातसुद्धा लावत नाही. म्हणून अशील काळजीपूर्वक निवडायचा, नोंदी पक्क्या करायच्या, प्रतिपक्षाला तांत्रिक पळवाट उरू द्यायची नाही. विद्यापीठांच्या दारांवरील पुढच्या वीस वर्षांच्या लढाईत हीच शिस्त कामी आली.

९/
त्याच वर्षी रूझवेल्ट प्रशासनात, गृहखात्याहून वेगळ्या अशा अंतर्गत बाबींच्या खात्यात, हेस्टी साहाय्यक विधी अधिकारी झाले. या खात्याकडे व्हर्जिन बेटांचा कारभार होता. कॅरिबियन समुद्रातील ही बेटे अमेरिकेने १९१७ मध्ये डेन्मार्ककडून अडीच कोटी डॉलरना विकत घेतली होती. तेथील मतदानावर मालमत्तेची अट होती. १९३६ च्या कायद्याने ती गेली. त्या कायद्याच्या घडणीत हेस्टी यांचा हात होता.

१०/
मार्च १९३७ मध्ये रूझवेल्ट यांनी त्यांना त्याच बेटांच्या जिल्हा न्यायालयावर नेमले. अमेरिकेच्या इतिहासातील ते पहिले कृष्णवर्णीय फेडरल न्यायाधीश. पण 'पहिले' या शब्दामागची मेख पाहा : ही नेमणूक आजीवन नव्हती, चार वर्षांची होती, आणि ती मुख्य भूमीवर नव्हती, बहुसंख्य कृष्णवर्णीय वस्ती असलेल्या दूरच्या बेटांवर होती. दार उघडले होते, पण अंगणातले.

११/
मुदत संपण्याआधीच, १९३९ मध्ये, हेस्टी यांनी ते पद सोडले आणि हॉवर्ड विद्यापीठाच्या विधी विभागाचे अधिष्ठाता झाले. १९४० मध्ये युद्धमंत्री हेन्री स्टिमसन यांचे नागरी सल्लागार म्हणून त्यांना बोलावणे आले. काम एकच : सैन्यातील कृष्णवर्णीयांच्या प्रश्नांवर सल्ला द्यायचा.

१२/
सल्ला मागितला जाई, पाळला जात नसे. हुकूमशाहीविरुद्ध लढणाऱ्या सैन्यात पलटणी, निवासस्थाने, प्रशिक्षण सारे रंगानुसार वेगळे होते. रक्तपेढीत दात्यांचे रक्तसुद्धा वेगळे ठेवले जाई. हवाईदलाने वेगळ्या प्रशिक्षणाचा हेका सोडला नाही, तेव्हा जानेवारी १९४३ मध्ये, युद्ध ऐन भरात असताना, हेस्टी यांनी राजीनामा दिला आणि त्याची कारणे जाहीरपणे मांडली.

१३/
भावी न्यायाधीशाने असे करावे का? व्यवहारी माणूस नाही म्हणेल. युद्धकाळात सरकारला जाहीर दोष देणाऱ्याची फाइल पुढे कोण सरकवणार? पण त्याच वर्षी एन.ए.ए.सी.पी. या संघटनेने त्यांना स्पिंगार्न पदक दिले. आणि १९४८ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी सैन्यातील वंशविभाजन संपवण्याचा आदेश काढला. राजीनाम्यातील म्हणणे पाच वर्षांनी सरकारी धोरण झाले.

१४/
वकिलीतली दोन शिखरे याच काळातली. पहिले, 'स्मिथ विरुद्ध ऑलराइट'. टेक्सासमध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत केवळ गोऱ्यांना मत देता येई. तेथे त्या पक्षाचा उमेदवार जवळपास हमखास जिंकत असल्याने खरी निवडणूक तीच होती. दंतवैद्य लॉनी स्मिथ यांच्या बाजूने मार्शल आणि हेस्टी लढले. एप्रिल १९४४ मध्ये निकाल ८ विरुद्ध १ असा लागला. न्यायालयाने स्वतःचाच १९३५ चा निर्णय फिरवला.

१५/
दुसरे, 'मॉर्गन विरुद्ध व्हर्जिनिया'. आयरीन मॉर्गन व्हर्जिनियाहून बाल्टिमोरला जाणाऱ्या बसमध्ये गोऱ्या उतारूंसाठी जागेवरून उठल्या नाहीत. त्यांना अटक झाली. गुरू आणि शिष्य पुन्हा एकत्र उभे राहिले. युक्तिवाद चतुर होता : आंतरराज्य वाहतुकीवर प्रत्येक राज्य आपापले नियम लादू लागले, तर देशभरच्या व्यापाराला खीळ बसेल. जून १९४६ मध्ये ७ विरुद्ध १ असा विजय. रोझा पार्क्स यांच्या घटनेला अजून नऊ वर्षे होती.

१६/
त्याच वर्षी ट्रूमन यांनी हेस्टी यांना व्हर्जिन बेटांचे राज्यपाल नेमले. त्या पदावरचे ते पहिले कृष्णवर्णीय. १९४८ च्या अटीतटीच्या निवडणुकीत त्यांनी ट्रूमन यांचा प्रचार केला. हे लपवण्याचे कारण नाही : फेडरल न्यायाधीशपदाच्या वाटेवर गुणवत्ता लागते, तशी राजकीय जवळीकही लागते. गोऱ्या उमेदवारांसाठी हे सूत्र पिढ्यान्‌पिढ्या चालत आले होते.

१७/
ऑक्टोबर १९४९ मध्ये ट्रूमन यांनी त्यांना तिसऱ्या सर्किटच्या अपील न्यायालयावर नेमले. मुख्यालय फिलाडेल्फिया, अधिकारक्षेत्र पेनसिल्व्हेनिया, न्यू जर्सी, डेलावेअर आणि व्हर्जिन बेटे. सिनेटचे अधिवेशन नसतानाची ही नेमणूक हंगामी होती. पुढे मान्यता मिळाली नाही तर खुर्ची सोडणे भाग. म्हणजे निकाल देत असतानाच स्वतःविषयीच्या निकालाची वाट पाहायची.

१८/
सिनेटच्या समितीने प्रकरण रेंगाळत ठेवले. तो साम्यवादाच्या धास्तीचा काळ होता. हेस्टी कोणकोणत्या संघटनांशी संबंधित होते, याची चौकशी झाली. समतेसाठी लढणाऱ्या संघटनेत असणे हाच संशयाला पुरेसा आधार ठरत होता. अखेर १९ जुलै १९५० रोजी मान्यता मिळाली. नेमणुकीनंतर नऊ महिन्यांनी.

१९/
पुढची दोन दशके ते त्याच न्यायासनावर होते. १९६८ ते १९७१ मुख्य न्यायाधीश. अपील न्यायाधीशाचे काम बहुतांशी शांत असते : तिघांचे पीठ, खालच्या न्यायालयाची कागदपत्रे, करार, कर, नुकसानभरपाई. सर्वोच्च न्यायालयाचे निर्णय बंधनकारक. वकील कायदा वाकवण्याचा प्रयत्न करू शकतो. मधल्या पायरीवरच्या न्यायाधीशाला मर्यादा पाळावी लागते. हेस्टी यांनी ती कसोशीने पाळली.

२०/
आणि हीच कसोशी त्यांना नडली. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जागा रिकामी झाली. केनेडी प्रशासनात हेस्टी यांचे नाव गांभीर्याने चर्चिले गेले. सिनेटमधील दक्षिणी सदस्यांचा विरोध दिसत होताच. शिवाय पुरोगामी वर्तुळातून आक्षेप आला की ते फार सावध आहेत. जागा बायरन व्हाइट यांना मिळाली.

२१/
१९६१ मध्ये शिष्य मार्शल दुसऱ्या सर्किटच्या अपील न्यायालयावर गेले, तेही अशाच हंगामी नेमणुकीने. १९६७ मध्ये ते सर्वोच्च न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती झाले. ज्या पायरीवर गुरूंना अडवले गेले, तिथून शिष्य पुढे गेला. १९७६ मध्ये हेस्टी यांचे निधन झाले.

२२/
जहाल की मवाळ? हे दोन शब्द आपल्या इतिहासातही खूप वापरले गेले आणि तेथेही ते माणसाविषयी कमी, वापरणाऱ्याविषयी अधिक सांगतात. वकील म्हणून अशिलासाठी निकराने लढणे आणि न्यायाधीश म्हणून पायरी ओळखून संयम पाळणे, या दोन्हींमागे हेस्टी यांची कायद्यावरची एकच श्रद्धा होती. ती एकदा लढवय्येपणात दिसली, एकदा संयमात. आणि दोन्ही वेळा कोणाला ना कोणाला खुपली.

२३/
'पहिला' ठरलेल्या व्यक्तीचे चरित्र वाचताना आपण तारखा पाठ करतो. त्याऐवजी तीन प्रश्न विचारून पाहा : दार नेमके किती उघडले होते? आत येण्यासाठी कोणती किंमत मोजावी लागली? आणि त्या दारातून पुढे कोण गेले? हेस्टी यांच्या बाबतीत तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर थर्गुड मार्शल हे आहे.