नांगर तळाशी ठेवून आलेली नोंद

नारळी पौर्णिमेपर्यंत कोकणातल्या होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. भर पावसाळ्यात खोल अरबी समुद्रात काय घडतं, हे पाहायला माणूस सहसा तिथे नसतोच. विज्ञानाचीही हीच अडचण होती. १९५९ ते १९६५ या काळातल्या आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेत चाळीसहून अधिक जहाजं सहभागी झाली. त्या मोहिमेच्या पाठोपाठ, १ जानेवारी १९६६ रोजी, राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. गोव्यातलं दोना पावला हे पुढे तिचं ठिकाण झालं. पण जहाज समुद्र पाहतं ते जाता-येता. वर्षभराची हकिकत हवी असेल, तर मागे काहीतरी ठेवून यावं लागतं.

१९८६ मध्ये या संस्थेनं हॅम्बुर्ग विद्यापीठाच्या सहकार्यानं अरबी समुद्राच्या पश्चिम, मध्य आणि पूर्व भागांत उपकरणांच्या माळा नांगरून ठेवल्या. अशा माळेला 'मूरिंग' म्हणतात. तळाशी जड वजन, त्यावर हजारो मीटर दोर आणि तो ताठ उभा ठेवणारे काचेचे पोकळ गोळे, अशी तिची रचना. मधे बसवलेली मोठी नरसाळी वरून झरणारे कण झेलतात. खालच्या बाटल्या ठरलेल्या दिवसांनी आपोआप बदलतात. एकेक बाटली म्हणजे रोजनिशीचं एकेक पान.

मात्र ही रोजनिशी हाती येईपर्यंत वाचता येत नाही. महिन्यांनी जहाज त्याच जागी परततं आणि पाण्यात सांकेतिक ध्वनी सोडतं. वजनाच्या वरच बसवलेला आकडा तो ओळखून उघडतो. वजन तळाशीच राहतं, बाकीची माळ वर येऊ लागते. खोल पाण्यात याला तासभरही लागतो. तोवर डेकवरचे सगळे डोळे क्षितिजापर्यंत गोळ्यांचा रंग शोधत असतात. आकडा गंजून अडकला, गोळे फुटले किंवा मासेमारीच्या जाळ्यानं दोर तोडला, तर उपकरणाबरोबर ते अख्खं वर्षही बुडतं. ते पुन्हा मोजता येत नाही. दिसलेली माळ गळानं पकडून, यारीनं मीटर-मीटर ओढून घेणं हेही उसळत्या समुद्रात जोखमीचंच.

अरबी समुद्रातल्या माळा वर आल्या आणि बाटल्यांनी साक्ष दिली. १९८९ मध्ये 'नेचर' नियतकालिकात आर. आर. नायर आणि सहकाऱ्यांनी ती मांडली: खोल समुद्रात पडणाऱ्या कणांचा ओघ मोसमी वाऱ्यांच्या काळात वाढतो. वारे पाणी ढवळतात, खालची पोषकद्रव्यं वर येतात, सूक्ष्म वनस्पती फोफावतात आणि त्यांचे अवशेष कार्बन घेऊन खोल उतरतात. म्हणजे आपल्या शेतांवर येणारा मान्सून समुद्राच्या तळाशीही थर लिहून ठेवतो. जुन्या गाळातून हजारो वर्षांपूर्वीचे मान्सून वाचणाऱ्यांना या बाटल्यांनी भक्कम आधार दिला.

होड्या किनाऱ्यावर असतानाचा समुद्र आपल्याला कळला तो असा, परत मिळवलेल्या बाटल्यांमधून. प्रत्येक माळेचा नांगर मात्र अजून तिथेच, अंधारात आहे.