न्यायमूर्ती सुजाताबाई मनोहर

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी इतिहासावर काही लिहा, असे चिटणीसबाईंनी सांगितले. सिंदखेडराजा आपल्याच जिल्ह्यातले. तेव्हा जिजाऊसाहेबांवर लिहिणाऱ्या भगिनी मंडळात पुष्कळ आहेत. मी अलीकडच्या काळातील एका न्यायमूर्तींची हकीकत सांगते. त्या बुलढाण्याच्या नव्हेत. पण आपल्या जिल्ह्यातील अपिले नागपूर खंडपीठापुढे, म्हणजे मुंबई उच्च न्यायालयापुढेच जातात, आणि त्या न्यायालयाच्या त्या पहिल्या स्त्री न्यायाधीश.

हे न्यायालय १८६२ साली स्थापन झाले. नाशिकात जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजींनी १८९२ साली ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली, तरी स्त्रियांना वकिलीची मोकळीक देणारा कायदा व्हायला १९२३ साल उजाडले. केरळात अ‍ॅना चंडी १९५९ मध्ये उच्च न्यायालयाच्या न्यायाधीश झाल्या. मुंबईला मात्र १९७८ पर्यंत थांबावे लागले. तब्बल ११६ वर्षे! एवढ्या काळात पोटगीसाठी, स्त्रीधनासाठी, मुलांच्या ताब्यासाठी किती बायका तेथे दाद मागायला गेल्या असतील, आणि ऐकणारे सगळे पुरुष. पुरुषांनी न्याय दिला नाही असे मी म्हणत नाही. रानडे आणि तेलंग याच न्यायासनावर बसले होते. पण काही गोष्टी परक्या पुरुषापुढे बाईच्या तोंडून निघतच नाहीत, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

सुजाताबाईंचा जन्म १९३४ चा. वडील कांतिलाल देसाई पुढे गुजरात उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश झाले, तेव्हा कायदा घरचाच. एल्फिन्स्टन कॉलेज, ऑक्सफर्ड, बॅरिस्टरी, मग १९५८ पासून मुंबईत वकिली. १९९४ साली त्या मुंबईच्या मुख्य न्यायाधीश झाल्या, त्याच वर्षी केरळच्या, आणि नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयात गेल्या. तेथे त्यांच्या आधी एकच स्त्री बसली होती, फातिमा बीबी.

आपल्याला जवळचा निकाल १३ ऑगस्ट १९९७ चा, 'विशाखा' या नावाने ओळखला जाणारा. राजस्थानात सरकारी योजनेतील एका 'साथिन'ने बालविवाह थांबवण्याचा प्रयत्न केला. १९९२ साली तिच्यावर अत्याचार झाला. १९९५ साली खालच्या न्यायालयाने आरोपींना अत्याचाराच्या आरोपातून सोडले. स्त्रीसंस्थांनी त्याआधीच, १९९२ साली, सर्वोच्च न्यायालय गाठले होते: कामावर गेलेल्या बाईच्या अब्रूची जबाबदारी कोणाची? निकाल सरन्यायाधीश वर्मांनी दिला; सुजाताबाई व न्यायमूर्ती किरपाल सोबत होते. श्रेय एकट्या बाईंना देणे बरोबर नाही, पण त्या पीठावर एक स्त्री होती, याचे मला मोल वाटते. संसद कायदा करीपर्यंत आमचे नियम पाळा, असे न्यायालयाने बजावले. संसदेला त्यानंतर सोळा वर्षे लागली!

२०१३ च्या त्या कायद्याप्रमाणे दहा किंवा अधिक माणसे काम करतात तेथे तक्रार समिती हवी; तिची अध्यक्ष स्त्री, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या सभासद स्त्रिया, आणि एक सभासद बाहेरची. जेथे दहा माणसे नाहीत, किंवा तक्रार मालकाविरुद्धच आहे, तेथे जिल्ह्याची स्थानिक समिती. घरकाम करणाऱ्या बाईलाही तिच्याकडे जाता येते. तक्रार लेखी द्यावी लागते, साधारण तीन महिन्यांच्या आत. जिला लिहिता येत नाही, तिला लिहिण्यास मदत करण्याचे काम कायद्याने समितीवरच टाकले आहे.