गॅस, पाणी आणि बावीस घरं

नगरपालिकेचे जुने हिशोब वाचायचा मला नाद आहे (हसा खुशाल!). त्यात बर्मिंगहॅमचा हिशोब फारच रंगतदार.

स्क्रूच्या कारखान्यातला भागीदार जोसेफ चेंबरलेन १८७३ साली तिथला महापौर झाला. १८७५ ला गॅस, १८७६ ला पाणी. दोन्ही धंदे खासगी कंपन्यांकडून शहराने विकत घेतले. गॅसवर नफा कमवायचा, पाण्यावर मात्र नाही, कारण पाणी म्हणजे लोकांचं आरोग्य. हे डोकं मला जाम आवडतं. गॅसने पहिल्याच वर्षी ३४ हजार पौंड मिळवून दिले.

मग आली घरं. १८७५ च्या कायद्याने गलिच्छ वस्त्या पाडायचा अधिकार मिळाला. कायद्याच्या नावातच कामगारांची घरं होती बरं का! भर शहरातली दाट वस्ती पाडून कॉर्पोरेशन स्ट्रीट काढला. जमिनी ७५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिल्या, म्हणजे मालकी शेवटी शहराचीच. चोख काम. पण तिथे उभी राहिली दुकानं, ऑफिसं आणि कोर्ट.

उठवलेली माणसं गेली कुठे? बहुतेक शेजारच्या तशाच गल्ल्यांत, आणखी दाटीने. कुठल्याही पुनर्विकासात मी आधी हाच आकडा शोधतो.

शहराने स्वतःची पहिली घरं बांधली ती १८९० च्या सुमारास, रायडर स्ट्रीटवर. फक्त बावीस.