घराला पीठ हवं होतं, ओवी कुणी मागितली नव्हती



दिवाळी सरली की आपल्या भंडाऱ्यात गावोगावी मंडई भरते. धान घरात येऊ लागलेलं असतं, हाताला जरा उसंत मिळते. दिवसा दुकानं, पाळणे आणि रात्री दंडार, नाहीतर नाटक. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या आपल्या मुलखाला झाडीपट्टी म्हणतात. इथलं नाटक रात्री उभं राहतं आणि लोक उजाडताना घरी जातात.

दंडार करणारे कोण होते? दिवसभर बांधीत राबणारे शेतकरी आणि मजूर. दंडार केली नसती तरी धान पिकलंच असतं. पण लोकांना ती हवी होती, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या केली. त्यातूनच झाडीपट्टीची रंगभूमी वाढली. गडचिरोली जिल्ह्यातले कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री जाहीर झाली, ती याच रंगभूमीसाठी.

आता एक गोष्ट ध्यानात घ्या. जुन्या दंडारीत बाईचं सोंगसुद्धा पुरुषच घेत. मग आपल्या आज्या-पणज्या काय करत होत्या? त्यांना उसंत नव्हतीच. कापणी संपली तरी चूल, पाणी, लेकरं संपत नव्हती. म्हणून त्यांनी कामाच्या पोटातच आपली जागा काढली. पहाटे जात्यावर बसून त्या ओव्या रचत. घराला पीठ हवं होतं, ओवी कुणी मागितली नव्हती. पीठ सगळ्यांचं होतं, ओवी मात्र तिची एकटीची होती. माहेर, भाऊ, सासुरवास, जे कुणापाशी बोलता येत नव्हतं ते ती जात्याला सांगायची.

पुढे गावात पिठाची गिरणी आली. हातांचा त्रास वाचला, हे चांगलंच झालं. पण ओवी म्हणायची वेळ गेली, आणि ओवी कुठं लिहिलेली नव्हती. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या अभ्यासकांनी आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या खेड्यांत फिरून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव त्यांनी सोबत लिहून ठेवलं. जिथं असं कुणी पोचलं नाही, तिथल्या ओव्या म्हातारीबरोबरच गेल्या.

जळगावच्या बहिणाबाई चौधरींचंही तसंच झालं असतं. जन्म १८८० चा. लिहिता-वाचता येत नव्हतं, शेतात आणि घरात राबता राबता गाणी सुचायची. मुलगा सोपानदेव आणि घरातल्या मंडळींनी ती उतरवून घेतली. बहिणाबाई १९५१ मध्ये वारल्या, पुस्तक निघालं १९५२ मध्ये. आचार्य अत्र्यांनी प्रस्तावना लिहिली. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. घरात एक वही होती, म्हणून ती गाणी आपल्यापर्यंत आली.

आता आपलंच बघू. गिरणीनं वाचवलेला वेळ कुठं गेला? कुणाचा विड्या वळण्यात, कुणाचा मजुरीत, कुणाचा कर्जाचा हप्ता जुळवण्यात. आमच्या गटात एकीनं जुन्या लुगड्यांची सुंदर गोधडी शिवून आणली. आम्ही सगळ्यांनी पहिला प्रश्न काय विचारला? "कितीला विकशील?" ती म्हणाली, "विकायची नाही, मनाला वाटलं म्हणून शिवली." आम्ही गप्प झालो. चार पैसे मिळत असतील तर जरूर मिळवावेत, गट त्यासाठीच आहे. पण ज्याचे पैसे होत नाहीत ते रिकामपणाचे उद्योग, असं म्हणायला आम्ही कधी शिकलो? ओवीचेही पैसे होत नव्हते.

त्या दिवसापासून आम्ही एक रीत पाडली आहे. बैठकीत हिशेब झाला की दहा मिनिटं एकीची. तिनं गाणं म्हणावं, कोडं घालावं, रांगोळी दाखवावी, आजीची गोष्ट सांगावी. जिला लिहिता येतं तिनं ते उतरवून घ्यायचं, आणि खाली सांगणारीचं नाव व गाव लिहायचं. पहिल्या बैठकीत सगळ्या लाजल्या. तिसऱ्या बैठकीत एका सत्तरीच्या आजीनं सलग अकरा ओव्या म्हटल्या. तिच्या सुनेनं त्या आयुष्यात पहिल्यांदा ऐकल्या.

तुमच्या गटातही हिशेबाच्या वहीशेजारी अशी एक वही ठेवा. आणि घरी एखादी म्हातारी असेल, तर आज रात्रीच तिच्याजवळ जाऊन बसा.

रामराम.